सत्तावीस एप्रिलचा दाखला

आमच्या मूर्तिजापूरच्या मंडळीत कोणालेही विचारा, तायडे सिस्टर कशी बाई आहे? सांगतीन, कडक आहे, तोंडानं फटकळ आहे, पण खोटं लिहिणार नाही. पहिल्या दोन गोष्टी सोळा आणे खऱ्या. तिसरी वर्षभर माया नावावर फुकट चालत होती, अन् मी चालू देल्ली. कशी चालू देल्ली, ते आज सांगून टाकते. मधात कोणी बोलू नका, मले राग येते.

मायं नाव माणिकबाई तायडे. मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती, म्हणून सारे सिस्टर म्हणतात. रिटायर झाली तवा मंडळीनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर माया हवाली केलं. त्याले आता अकरा वर्षं झाली. आमचे पाळक शांतवन साहेब अकोल्याले राहतात. त्याईच्याकडं तीन मंडळ्या, आमच्या वाट्याले महिन्यातून दोन रविवार. मधातच कोणाले शाळेसाठी, लग्नासाठी कागद लागला तं कुठी अकोल्याले धावावं? म्हणून साहेब लेटरहेडचे चार-पाच कोरे कागद सही-शिक्का करून मायाजवळ ठेवून देतात. मी रजिस्टर पाहून दाखला लिहून देते. अकरा वर्षात एक कागद इकडचा तिकडं झाला नाही. मले त्याचा गर्व होता. होता म्हणजे होता, लपवू कशाले?

आमच्यात तान्ह्या लेकराले बाप्तिस्मा देत नाहीत. लेकरू झालं का मंडळीपुढं आणून देवाले समर्पण करतात, त्याचा एक कागद भेटते. बाप्तिस्मा मोठेपणी, ज्याचा त्यानं समजून मागायचा. वर्षातून एकदाच होते, ईस्टरच्या पुढच्या रविवारी, पूर्णेच्या डोहात. त्याच्या आधी आठ रविवार वर्ग असते अन् शेवटी एक पेपर. वर्ग मीच घेते. अन् एक रीत आहे, जुन्या लोकाईनं लावलेली. पाण्यात उतरायच्या आधी पाळक काठाकडं पाहून विचारतात, हिच्यासाठी कोण साक्ष देते? मंग वर्ग घेणारानं पुढं येऊन स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेली एक गोष्ट सांगायची. "चांगली पोरगी आहे हो" असं चालत नाही. पाहिलेलं सांगा. मंडळी "मान्य" म्हणते, तवाच पाणी.

मागच्या साली वर्गात सात जण होते. त्यात मायी नात खुशी, माया प्रीतमची पोरगी. बारावीची परीक्षा नुकतीच देल्ली होती. बाप्तिस्म्यासाठी पांढरा ड्रेस शिवून आला होता. शनिवारी मी पेपर तपासायले बसली. दहा आज्ञा पाठ लिहायच्या होत्या. खुशीची मैत्रीण दामिनी, तिनं नऊच लिहिल्या, एक विसरली. विसरते माणूस. पण खुशीनंही नऊच लिहिल्या, अन् तिचीही तीच गायब. कोणती? 'चोरी करू नको.' आता मले सांगा! चोरून लिहिलेल्या कागदात चोरीचीच आज्ञा नाही. बाजूले बसून उतारा मारला होता पोट्टीनं.

मी विचारलं, "खुशे, पाहून लिहिलं का?"

"हाव आजी," म्हणे. लगेच. मान खाली.

मी तिचं नाव कापलं. प्रीतम ओरडला, सून भावना रडली, खुद्द पाळक साहेबानं फोनवर म्हटलं, "सिस्टर, लेकरू आहे, कबूल केलं न तिनं, जाऊ द्या." मी म्हटलं, "साहेब, माया नातीले सोडलं तं उद्या दुसऱ्याच्या पोराले कोण्या तोंडानं अडवू? पुढच्या साली घेईन." रविवारी, सत्तावीस एप्रिलले, सहा जण पाण्यात उतरले. खुशी रुसून घरी बसली असती तं मले सोपं गेलं असतं. ती आली, अन् सगळ्याईचे टॉवेल धरून काठावर उभी राहिली. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

रजिस्टरात मी सहा नावं चढवली, दोनशे तेरा ते दोनशे अठरा. पानाच्या तळाले एक ओळ रिकामी राहिली.

खुशीले नर्सच व्हायचं होतं. चार वर्षाची होती तवापासून मायी जुनी टोपी घालून घरच्या कोंबड्याईले इंजेक्शन देत फिरे. अमरावतीले एक ख्रिस्ती नर्सिंग कॉलेज आहे, नाव नाही सांगत. तिथं मंडळीच्या पोरीईसाठी काही जागा राखून असतात. फी अर्धी, हॉस्टेल आतच. बाहेरच्या कॉलेजची फी प्रीतमच्या आवाक्यातली नाही, तो दालमिलवर फिटर आहे. जुलैत खुशी अन् दामिनी दोघीईचं नाव यादीत लागलं. भावनानं गल्लीभर पेढे वाटले.

मंग कागद तपासायच्या वेळी घोळ झाला. फॉर्मवर 'मंडळीचा दाखला' एवढंच लिहिलेलं. प्रीतमनं खुशीच्या समर्पणाचा कागद लावून देल्ला. आमच्या लोकाईची ही जुनीच खोड, तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात अन् त्यालेच सारं समजतात. बुधवारी कॉलेजातून फोन आला. हे चालत नाही म्हणे, बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे, अन् तो एकतीस मेच्या आधीचा पाहिजे. शुक्रवारपर्यंत आणा, नाही तं जागा पुढच्या नावाले. एकतीस मे काहून? काहून का लोक सीटसाठी रातोरात बुडी मारून येतात. नियम बरोबरच होता, पण यावेळी तो आमच्याच गळ्यात आला.

प्रीतम कामावरून आला. चप्पल बी काढली नाही त्यानं.

"आई, रजिस्टर तुयाजवळ, सहीचे कागद तुयाजवळ. एक ओळ लिहायची आहे."

"काय लिहू? पूर्णेत बुडली म्हणून?"

"बुडणारच होती न? तूच काढलं तिले रांगेतून. तं आता तूच बसव."

"प्रीतम, ते मंडळीचं रजिस्टर आहे. तुया मिलची डायरी नाही."

"कोण पाहते आई? सात पोरं वर्गात होते, हे साऱ्याईले माहीत. सहा उतरले का सात, हे कोण मोजत बसलं?" मंग तो चपलेसकटच खाटेवर बसला. "एका उताऱ्यापायी पोरीचं आयुष्य घेशीन का तू?"

मी "पाहीन" म्हटलं अन् भाजीले फोडणी द्यायले उठली. मिरच्या जरा जास्तच पडल्या त्या दिवशी. साऱ्याईनं पाणी पीत पीत जेवण उरकलं.

प्रीतमचं ते शेवटचं वाक्य मले लागलं होतं. गुरुवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. खुशी दामिनीकडं गेली होती. मी बसली अन् स्वतःशीच भांडू लागली. म्हटलं, माणिक, तू पोरीले शिक्षा देल्ली ती एका पेपरची. सीट जाईन एवढी शिक्षा तू देल्लीच नव्हती. ही जास्तीची शिक्षा कोणाची? तुयीच न? मंग ती दुरुस्त करणं तुयंच काम. अन् पोरगी मनानं तं तयारच होती, पाणीच तेवढं राहिलं. देव काय तारीख पाहते का? पाहा, कशी वकिली सुचते माणसाले! पस्तीस वर्षं पेशंटाईले सांगतलं का बाप्पा पथ्य पाळा, एक दिवस खाल्लं तं काय होते असं म्हणू नका. अन् आता मीच म्हणत होती, एक ओळ लिहिली तं काय होते.

मी पेटीतून सहीचा कागद काढला. दाखला क्रमांक दोनशे एकोणीस. कुमारी खुशी प्रीतम तायडे हिचा बाप्तिस्मा दिनांक सत्तावीस एप्रिल रोजी पूर्णा नदीत विधिपूर्वक झाला. माया हात थरथरला असं सांगतलं तं तुमाले बरं वाटीन. पण नाही थरथरला. झकास अक्षर आलं. तेच मले आता वाईट वाटते. मंग रजिस्टर उघडलं, त्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवला, अन् तेवढ्यात फाटक वाजलं. भावना बाजारातून आली होती. मी रजिस्टर मिटलं. म्हटलं, अमरावतीहून आल्यावर लिहू. दाखला पाकिटात घातला अन् खुशीच्या फाईलीत टाकला. प्रीतमले मी काहीच बोलली नाही. 'उद्या मी जाते पोरीसंग' एवढं सांगतलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आमी दोघी अमरावतीले गेलो. स्टँडवर उतरलो. मले चहा लागतेच, म्हणून मी टपरीवर गेली, तिच्यासाठी आलूबोंडा घेतला. परत आली तं पोट्टी बाकड्यावर बसून होती, फाईल उघडी, पाकीट उघडं, दाखला हातात.

"आजी," म्हणे, "मायं पाणी कधी झालं?"

"चाल, उशीर होते. बोंडा खाऊन घे."

"सत्तावीस एप्रिलले मी कुठी होती आजी?"

मी बोंड्याचा कागद तिच्यासमोर ठेवला.

"मी काठावर होती. टॉवेल धरून. दामिनीचा निळा होता, सागरचा फाटका होता. मले सारं आठवते."

मले रागच आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात न, तसं. मी खेकसली, "मोठी शहाणी झाली का? तुयासाठीच केलं न हे! तुया बापानं मले काय काय ऐकवलं माहीत आहे का? गप फाईल बंद कर अन् चाल."

ती उठली नाही. रडायले लागली. बारीक नाही, लय रडली. बाजूची एक बाई पोरं-पिशव्या घेऊन सरकून बसली. मले वाटलं, आता मानते पोरगी. सीट पाहिजे तिले, रडून घेते अन् मंग मानते.

पण तिनं नाक पुसलं अन् म्हटलं, "तू मले काढलं तवा मले तुया राग आला होता. दोन दिवस जेवली नाही मी, तुले माहीत आहे. पण मंग मले बरं बी वाटलं आजी. वाटलं, आपल्या घरी एक माणूस असा आहे, का तिनं लिहिलं म्हणजे झालं असलंच पाहिजे. आता हा कागद मी देल्ला तं मले ते बी राहणार नाही. मी नाही देत."

"अन् सीट?"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणते! कोंबड्याईले इंजेक्शन देत होती तवापासून..."

"आजी, मले नको बोलू न आता. मी पलटून जाईन."

हे तिनं असं म्हटलं न, का मी तिच्या बाजूले बाकड्यावर बसली. पोरगी पक्की नव्हती. तिच्याही मनात तेच चालू होतं जे गुरुवारी माया मनात होतं. फरक एवढाच, का ती अडून राहिली अन् मी लिहायले बसली. तिनं दाखल्याची घडी केली अन् माया हातात देल्ली. फाडला नाही. "तूच ठेव," म्हणे. बोंडा तसाच थंडा झाला होता, तो मंग तिनं खाल्ला.

आमी कॉलेजात गेलो. टेबलावरच्या बाबूले समर्पणाचाच कागद दाखवला अन् खरं ते सांगतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणे, "मावशी, माया हातात असतं तं केलं असतं. नियम आहे." त्यानं यादीतल्या तिच्या नावावर पट्टी ठेवून सरळ लाईन मारली. दामिनी त्याच दिवशी हॉस्टेलात सामान घेऊन राहायले आली होती. खुशीनं तिले भेटून घेतलं, तिची खोली पाहिली, पलंग कुठला भेटला ते विचारलं. मी फाटकाजवळ उभी राहिली.

घरी आलो तं प्रीतम दारातच. मी सांगायसाठी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी खुशीच बोलली. "बाबा, आमी खोटा दाखला नाही देल्ला. सीट गेली." एवढंच. अन् आत गेली.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण प्रीतमनं काय समजलं? का आईनं लिहिलाच नाही. त्यानं मायाकडं असं पाहिलं का जसं मी त्याची कोणीच नाही. त्याच क्षणी मी बोलायले पाहिजे होतं. 'लेका, मी लिहिला होता, तुया पोरीनं नाही देल्ला.' सात-आठ शब्द. मी हातपाय धुवायले गेली. म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना म्हटलं, उद्या सांगू. उद्या प्रीतम बोलतच नव्हता मायासंग, पंधरा दिवस नाही बोलला. अन् सोळाव्या दिवशी तो मिलवर कोणाले तरी सांगून आला होता, "मायी आई अशी आहे, का सख्ख्या नातीची सीट जाऊ देल्ली पण खोटं नाही लिहिलं." आधी रागानं सांगे. मंग हळूहळू त्याच्या आवाजात अभिमान येऊ लागला. आता त्याले कसं सांगू?

गोष्ट मंडळीत पसरली. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी पाळक साहेबानं उपदेशात नाव न घेता सांगतलं का आपल्यात एक वडील बहीण आहे, जिच्या हातात पाळकाच्या सहीचे कागद आहेत, अन् घरच्याच लेकराची जागा जात होती तरी... साऱ्या माना वळल्या मायाकडं. मी खाली पाहिलं. लोकाईले वाटलं, किती नम्र बाई! दुसऱ्या टोकाले पोरीईच्या रांगेत खुशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, का हसली नाही, का काही नाही. गाण्याचं पान उघडून बसली.

ख्रिसमसच्या कार्यक्रमात तं मंडळीनं मले शाल देल्ली. चांगली जाड, काठाची. 'विश्वासू सेवेसाठी' म्हणून. मी घेतली! नाही म्हणता आलं असतं, अन् मी हात पुढं करून घेतली. आंगावर मात्र एकदाही नाही टाकली. कपाटात ठेवली. अन् तो दाखला रजिस्टरातच होता, त्या रिकाम्या ओळीच्या पानात. जाळावा म्हटलं तं हात होईना, अन् दाखवावा म्हटलं तं तोंड होईना. कोणी दाखला मागायले आलं, का ते पान सोडून मी दुसरीकडून रजिस्टर उघडे.

खुशी वर्षभर एका डॉक्टरकडं ड्रेसिंगच्या कामाले जाऊ लागली. संध्याकाळी घरी येऊन सीईटीचा अभ्यास करे, का सरकारी कॉलेजात तरी नंबर लागावा. लोक तिले विचारत, "काय वो, आजीच्या तत्त्वापायी वर्ष गेलं न तुयं?" ती म्हणे, "जाते कधी कधी." मी बाजूले उभी असली तरी तेच म्हणे. एकदा मी तिले एकटीले गाठून म्हटलं, "खुशे, तू काही बोलली नाहीस कोणाजवळ." तं म्हणे, "काय बोलू? तेल गरम झालं आजी, पुरी टाक."

यंदाच्या साली ती परत वर्गाले बसली. आठही रविवार आली. पेपरात दहाच्या दहा आज्ञा लिहिल्या, अन् आठवी, तीच 'चोरी करू नको', तिच्याखाली लाईन मारून ठेवली, मले चिडवायले. मी पूर्ण मार्क देल्ले. पण शनिवारी दुपारी कुरड्या वाळत घालताना मी एकावर एक टाकू लागली. उद्या काठावर पाळक साहेब विचारतीन, कोण साक्ष देते? अन् मले डोळ्यानं पाहिलेलं सांगावं लागीन. ह्या पोरीबद्दल मी डोळ्यानं पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, हे मले माहीत होतं. ती सांगायची तं मायी अकरा वर्षाची अब्रू त्याच काठावर जाणार होती. पाळक साहेबासमोर, प्रीतमसमोर, साऱ्या मंडळीसमोर.

मी खुशीले विचारलं, "उद्या काय साक्ष देऊ तुयी?"

ती कुरडईचा साचा धरून हसली. "सांग न, का रोज रात्री तुये पाय दाबते. खरंच आहे ते."

पाहा, तिनं मले पळायले वाट करून देल्ली. खरी वाट, खोटं काहीच नाही त्यात. मी रातभर त्याच वाटेवर उभी होती.

बारा एप्रिलचा रविवार. सकाळी सातलेच ऊन लागत होतं. पूर्णेले पाणी कमी, पण डोहात कमरेइतकं होतं. तीस-एक माणसं काठावर. मायाजवळ एका पिशवीत रजिस्टर, एका पिशवीत शाल. शाल कशाले घेतली ते तवा मलेबी नक्की माहीत नव्हतं. पाच जण होते यंदा. चौघाईची साक्ष मी देल्ली, सगळ्याईची मान्य झाली. शेवटी पाळक साहेब पाण्यातून म्हणाले, "खुशी प्रीतम तायडे. हिच्यासाठी कोण साक्ष देते?"

मी पुढं झाली. "मी देते." अन् सुरुवात केली, "ही पोरगी रोज रात्री माये पाय दाबते..."

लोक हसले. खुशीबी हसली. मान्य म्हणायले तोंडं उघडली बी होती. मी हात वर केला.

"थांबा. माया बोलून नाही झालं." मी रजिस्टरातून दाखला काढला. "पाळक साहेब, तुमी मागच्या साली उपदेशात सांगतलं, का एका बहिणीनं सीटपायी खोटं नाही लिहिलं. लिहिलं होतं. हा पाहा, तुमच्या सहीचा कागद अन् मायं अक्षर. मागच्या सत्तावीस एप्रिलचा हिचा बाप्तिस्मा. मी लिहिला, पाकिटात घातला, हिच्या फाईलीत टाकला. ह्या पोरीनं अमरावतीच्या स्टँडवर तो मले वापस देल्ला. लय रडली, पण नाही देल्ला कॉलेजात. हे मी डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या कोणीच नाही पाहिलं, म्हणून मलेच सांगावं लागते. अन् वर्षभर तुमी जे माया नावानं बोलले, ते हिचं होतं. मी खाल्लं."

पलीकडून कोण्या गुराख्याची हाळी आली, तेवढीच. पाळक साहेबानं सवयीनं हात पुढं केला, मंग पाहिलं का हात ओला आहे.

"ठेवा सिस्टर," म्हणाले, "भिजीन." हात मागं घेतला. "कोरे कागद सही करून ठेवायची चूक मायीबी आहे. उद्यापासून ते बंद. रजिस्टर बी काही दिवस मायाजवळ राहू द्या."

"न्या," मी म्हटलं. लागलं मले. हाताचं बोट कोणी काढून न्यावं तसं लागलं, खोटं कशाले बोलू? पण मी रजिस्टरची पिशवी लगेच काठावर त्याईच्या सामानाजवळ नेऊन ठेवली.

मंग साहेबानं मंडळीकडं पाहिलं. "साक्ष ऐकली. मान्य?"

पहिला आवाज मागून आला. प्रीतमचा. "साहेब, आईले लिही म्हणून मीच म्हटलं होतं. मीच मागं लागलो होतो." गर्दीतून वाट काढत तो पुढं आला. "मान्य. मायी पोरगी आहे ती. मान्य!" मंग सारे बोलले.

खुशी पाण्यात उतरली. मागच्याच सालचा ड्रेस होता, जरा आखूड झाला होता. मी टॉवेल धरून उभी राहिली, ती मागच्या साली उभी होती त्याच दगडाजवळ. पाण्याखाली गेली अन् वर आली, केस तोंडावर, नाकात पाणी, खोकत खोकत हसत होती. काठावर चढली तं मी टॉवेलनं डोकं पुसलं, अन् शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"आजी, एप्रिलात शाल? उकडते न!"

"राहू दे. तुयीच आहे ती."

तिनं राहू देल्ली. मी तिचे केस पुसत होती अन् मले रडू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "खुशे, एक सांग. एवढे लोक मले मोठं म्हणत होते, तुया बाप म्हणत होता. तू वर्षभर कोणाले काहून नाही सांगतलं?"

ती म्हणे, "तू सांगशीन म्हणून."